अंगावरून जातंय

घरात कुणीतरी आजारी आहे, हे मला कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी सांगितलं.

जूनची सुरुवात होती. ऑफिसला निघायची घाई होती आणि ताई ओल्या-सुक्याच्या बादल्या उचलून दारातच थांबल्या. म्हणाल्या, "ताई, ते पॅड नीट कागदात बांधून देत जा. वर लाल खूण करा. आम्हाला हातानं निवडायला लागतंय."

"बांधूनच देते की मी."

"तुमचं बांधल्यालं असतंय. पण पिशवीच्या तळाला दुसरे असत्यात, जुन्या साडीच्या चिंधीत गुंडाळल्याले. रोज दोन-तीन. वास लई येतोय." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "घरात कुनाला बरं नाय का?"

मला आधी राग आला. आपल्या घरातला कचरा कुणी इतका निरखून पाहतं, याचाच. "बघते," म्हणून मी दार लावून घेतलं.

बसमध्ये बसल्यावर डोकं चालायला लागलं. पॅडची पाकिटं हल्ली लवकर संपत होती, हे माझ्याही लक्षात आलं होतं. माझी मुलगी तेव्हा बारावीत होती. दोघींची पाकिटं बाथरूमच्या वरच्या कप्प्यात एकत्रच असायची. महिन्याला दोन पुरायची, ती आता चार आणली तरी कमी पडत होती. मुलगी वाया घालवत असेल, असं समजून मी एकदा तिला बोललेही होते. आता वाटलं, तिला फार जातंय की काय? का आणखी काही झालंय आणि ती लपवतेय? हडपसर ते सदाशिव पेठ या अर्ध्या-पाऊण तासात सतरा वर्षांच्या मुलीबद्दल आईच्या मनात काय काय येऊ शकतं, ते सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी तिला खोलीत घेऊन विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मम्मी, सिरियसली? माझी डेट अजून आलीच नाहीये. परवा-तेरवा येईल. मला काही नाही झालेलं." आणि मग पुस्तकात डोकं घालत म्हणाली, "आजीला विचार. ती घेते त्यातले. मी दोनदा बघितलंय."

"आजी? आजी कशाला घेईल?"

"मला काय माहीत. मला वाटलं, गुडघ्याला बांधत असेल."

माझ्या सासूबाईंची पाळी जाऊन तेव्हा सोळा-सतरा वर्षं झाली होती.

सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्या माहेरी शिकलेली पहिली मुलगी त्याच. सातवीच्या मुलींना पाळीबद्दल सांगायचा तास त्या स्वतः घ्यायच्या. मुलांना मैदानावर पाठवायचं, खिडक्या लावायच्या आणि फळ्यावर चित्र काढून सगळं स्पष्ट सांगायचं. ज्या काळात इतर शिक्षिका ते पान "घरी वाचा" म्हणून उलटायच्या, त्या काळात. जयंतीला विहारात बोलायला उभ्या राहिल्या की मुलींचं शिक्षण आणि बायकांचं आरोग्य हे दोन विषय ठरलेले. सासरे गेल्यावरही त्यांनी कपाळ, कपडे, बोलणं यांतलं काही बदललं नाही. मी त्यांना थोडी भीत असे, आणि त्याहून जास्त मानत असे.

त्याच बाई गेल्या चार-पाच महिन्यांत बदलत गेल्या होत्या, आणि मी तो बदल माझ्यावरच्या रागाच्या खात्यात टाकला होता. माझ्याबरोबर मशीनला कपडे टाकायचं त्यांनी बंद केलं. "माझे मी धुते," म्हणाल्या. आम्ही उठायच्या आत त्यांच्या साड्या दोरीवर असायच्या. सोफ्यावर बसेनात, गॅलरीतली प्लॅस्टिकची खुर्ची ओढून घ्यायच्या. रविवारचं विहारात जाणं सुटलं. सकाळी वंदनेला एक अगरबत्ती लागायची, ती दिवसातून चार वेळा लागू लागली. मी नवऱ्याला म्हटलं होतं, "आईंना माझं काहीतरी खटकलंय. सगळं वेगळं वेगळं करतायत." तो म्हणाला होता, "तिला विचार." मी विचारलं नव्हतं. मनातल्या मनात भांडत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. नवरा कंपनीत गेला, मुलगी कॉलेजला गेली, आणि मी त्यांच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसले. खोलीत अगरबत्तीचा दाट वास होता आणि त्याच्या खाली आणखी एक वास होता. तो एकदा ओळखल्यावर मला तो आधी कसा आला नाही, याचंच नवल वाटलं.

"आई, तुम्हाला काही त्रास होतोय का?"

"मला कसला त्रास?" वर्तमानपत्र खाली न करता त्या म्हणाल्या.

"खालचा. पाळीच्या जागेचा."

वर्तमानपत्र हललं नाही. मग त्या म्हणाल्या, "अंगावरून जातंय थोडं. सगळ्याच बायकांचं जातं. त्याचं काय एवढं?"

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"पांढरं?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. अगदी नीट, कडा जुळवून. मग माझ्याकडे न बघता, जणू शाळेतल्या एखाद्या मुलीबद्दल तक्रार सांगावी तशा आवाजात म्हणाल्या, "आधी पाण्यासारखं होतं. आता मटण धुतलेल्या पाण्यासारखं असतं. वास येतो. तुरटीच्या पाण्याने धुते, डेटॉल घालते, तरी जात नाही. कंबर दुखते."

त्याच स्वरात पुढे म्हणाल्या, "मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या होत्या. त्याला सांगितलं, सुनेसाठी हव्यात."

सकाळच्या बसमधून मी रोज ज्या स्टॉपवर उतरते, त्याच्यासमोरच एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांची पाटी आहे. गेली अकरा वर्षं मी ती पाटी वाचत आले होते. तिथला नंबर मोबाइलमध्ये होताच. मी तिथेच बसून फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात बघू." मी म्हटलं, "आज चार वाजता." तीनला त्या साडी बदलून, पर्स घेऊन दारात उभ्या होत्या. नवऱ्याला मी फोनवर एवढंच सांगितलं, की आईंना बायकांच्या डॉक्टरकडे नेतेय. तो म्हणाला, "मी येऊ का?" सासूबाईंनी लांबूनच हाताने नाही म्हणून खूण केली.

डॉक्टर साठीच्या पुढच्या, बारीक, शब्द मोजून बोलणाऱ्या. कागदावर सगळं लिहून घेत त्या प्रश्न विचारत गेल्या. पाळी कधी गेली, मुलं किती, स्राव कधी सुरू झाला, रंग काय, वास कसा, रक्त दिसलं का, लघवीला त्रास आहे का, वजन उतरलंय का. सासूबाई प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याआधी माझ्याकडे बघायच्या. शेवटी डॉक्टर मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, "नको, असू दे तिला."

तपासायच्या टेबलावर चढायला मात्र त्या तयार होईनात. "औषध लिहून द्या ना तुम्ही," म्हणाल्या. "बघायची काय गरज आहे?"

डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका ना? वही न उघडता मार्क दिलेत कधी?"

सासूबाई चढल्या. मी त्यांच्या डोक्याशी उभी राहिले. त्यांनी माझा हात धरला नाही, टेबलाची लोखंडी कड धरली. डॉक्टर आधी बोलत होत्या, "सैल सोडा, श्वास घ्या, झालंच," आणि मग एकदम बोलायच्या थांबल्या. ती शांतता मला अजून आठवते. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पिशवीच्या तोंडाशी जखमेसारखं दिसतंय. त्याचा छोटा तुकडा तपासायला पाठवायला लागेल. आत्ताच घेते."

पडद्याबाहेर आल्यावर सासूबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "मला वाटलं, वयाने होतं."

"वयाने कोरडेपणा येतो," डॉक्टर म्हणाल्या. "जळजळ होते, कधी थोडं जातंही. तेही दाखवायचंच असतं. पण पाळी कायमची गेल्यावर रक्त किंवा असलं गढूळ, वासाचं पाणी दिसलं, अगदी एकदा दिसलं, तरी थांबायचं नाही. लगेच यायचं."

"आम्हाला सांगायचे, उष्णता झालीय. धने-जिऱ्याचं पाणी प्या."

"धने-जिऱ्याचं पाणी प्या हो, चांगलंच असतं. पण डॉक्टरकडे येऊन प्या." डॉक्टर हसल्या नाहीत. मग कदाचित माझा चेहरा बघून माझ्याकडे वळल्या. "पाळी चालू असलेल्या बाईला थोडं पांढरं जातंच. पारदर्शक, कधी दुधट, महिन्याच्या मध्यावर तार धरणारं. वास नाही, खाज नाही, तर तो आजार नव्हे, शरीराची स्वतःची साफसफाई आहे. बायका त्याला घाबरून साबणाने आतून धुतात आणि नसलेला त्रास ओढवून घेतात. पण दह्यासारखं जायला लागलं आणि खाज सुटली, किंवा पिवळं-हिरवं झालं, फेसाळ झालं, मासळीसारखा वास आला, तर आतलं काहीतरी बिघडलंय. ओटीपोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी यायचं. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तरी दाखवायचंच. गरोदर बाईने तर काहीही वेगळं वाटलं तरी यायचं. हे सगळं एका गोळीने बरं होत नाही, प्रत्येकाचं औषध वेगळं असतं." आणि मग सहज विचारावं तसं, "तुम्हाला काही त्रास?"

"नाही," मी म्हणाले.

हे लिहिताना मला लाज वाटते, पण खोटं मी तिथेच बोलले. वर्षभरात तीनदा मला असह्य खाज सुटली होती. दह्याच्या कवड्यांसारखं जायचं. तिन्ही वेळा मी ऑफिसजवळच्या मेडिकलमधून तीच ट्यूब आणली होती. थोडं बरं वाटायचं, पुन्हा सुरू व्हायचं. सासूबाईंना आदल्या दिवशीपासून मनातून बोल लावणारी मी, त्यांच्याच शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी महिनोन्महिने केलं तेच करत होते.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. रिपोर्ट घ्यायला मी आणि नवरा गेलो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. पुढच्या तपासण्यांत कळलं, की तो आजूबाजूला सरकलाय. ऑपरेशनने काढण्यापलीकडे गेला होता. रोज किरणं, पाच आठवडे, आणि सोबत आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध. शेवटी आतून द्यायची किरणं वेगळी.

नवऱ्याने डॉक्टरांना विचारलं, "थंडीतच आलो असतो तर?"

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "लवकर कळलं की उपचार सोपे असतात. आणि आधीच्या वर्षांत साधी तपासणी झाली असती, तर कदाचित कॅन्सर व्हायच्या आधीच कळलं असतं. पण मागचं उकरून आता त्यांना त्रास देऊ नका."

तो जिन्यात थांबला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. माझ्यावर चिडला, "घरातलं सगळं तूच बघतेस, तुला कळलं नाही?" मी म्हटलं, "तुमची आई आहे, तुम्हाला कळलं नाही?" ते दोन्ही प्रश्न आमच्यात अजून आहेत.

सासूबाईंना त्यानेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "केस जातील का?" या औषधाने बहुतेक नाही जाणार, असं कळल्यावर म्हणाल्या, "मग कुणाला सांगायचं नाही. पोटाचा त्रास आहे म्हणायचं."

ते पाच आठवडे मी अर्ध्या दिवसाची रजा काढून त्यांना नेत होते. मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर बाक होते, त्यावर आमच्यासारख्याच जोड्या बसलेल्या असायच्या. कुणी आई-मुलगी, कुणी सासू-सून, एक बाई तर रोज एकटी यायची. जुलाब व्हायचे, लघवीला आग व्हायची. सासूबाईंनी एकदाही तक्रार केली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटायची.

एके दिवशी मशीन बंद पडलं म्हणून तीन तास बसायला लागलं. तेव्हा मी विचारलं, "आई, एवढ्या मुलींना तुम्ही सगळं सांगितलंत. मला एक शब्द का नाही बोललात?"

त्या म्हणाल्या, "मुलींना सांगणं सोपं असतं गं. ते पुस्तकातलं असतं." पुढे म्हणाल्या, "नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. या वयात, त्या जागेचा आजार. लोक म्हणणार, बाईने काय केलं होतं? आपल्या लोकांत मान मिळवायला मला तीस वर्षं लागली. मला वाटलं, गुपचूप बरं होईल."

"यात कुणाचं चारित्र्य नसतं, आई. डॉक्टरांनी सांगितलं ना, हा आजार ज्या विषाणूमुळे होतो, तो आयुष्यात कधीतरी बहुतेकांना होऊन जातो. नवऱ्याकडूनही येतो, वर्षानुवर्षं पडून राहतो."

"मला कळतंय ते," त्या तुटकपणे म्हणाल्या. "कळत नव्हतं म्हणून गप्प नव्हते मी."

त्याच आठवड्यात मी एकटी डॉक्टरांकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं "बसा" म्हणाल्या. तपासलं, पिशवीच्या तोंडाचा नमुना घेतला. तो चांगला आला. खाज बुरशीचीच होती, पण पुन्हा पुन्हा का होते म्हणून त्यांनी रक्त तपासायला लावलं, तर साखर वाढलेली निघाली. ट्यूब लावत बसले असते, तर ती कितपत वाढली असती कोण जाणे. मुलीला या कॅन्सरविरुद्धची लस द्यायची, हेही तेव्हाच ठरलं. लस द्यायला गेलो तेव्हा नवरा सोबत आला, बाहेरच्या बाकावर बसला. लस कशाची, ते मात्र त्याने तोंडातून काढलं नाही.

सासूबाईंचे उपचार संपले. पहिल्या तपासणीत गाठ दिसेनाशी झाली होती. डॉक्टर म्हणाल्या, "सध्या चांगलं आहे. दर तीन महिन्यांनी यायचं." 'सध्या' हा शब्द आमच्या घरी राहायला आला, तो अजून गेलेला नाही. तपासणीची तारीख जवळ आली की सासूबाईंचं जेवण कमी होतं. लांबच्या प्रवासाला त्या जात नाहीत, कारण संडासला कधी धावावं लागेल सांगता येत नाही. नातेवाइकांसाठी तो अजून पोटाचा त्रासच आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या धाकट्या बहिणीचा गावाहून फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी भाजी निवडत होते. इकडचं तिकडचं झाल्यावर मावशी एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "अक्का, मला परत पाळीसारखं दिसायलंय बघ. सहा वर्षांनी. कुनाला सांगू नको."

सासूबाईंनी स्पीकर बंद केला. "उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा," असं तीन-चारदा म्हणताना मला ऐकू आलं. मावशींच्या पोरीचं लग्न तोंडावर होतं. लग्न झाल्यावर जाते, म्हणाल्या. फोन ठेवून सासूबाईंनी मला तेवढंच सांगितलं.

मी म्हटलं, "तुमचं सांगितलं असतंत, तर त्या गेल्या असत्या."

"तू मधे पडू नकोस," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. मी मुद्दाम कान देत नव्हते, पण मुख्याध्यापिकेचा आवाज दाराने अडत नाही. "पोटाचं नव्हतं ते," असं त्या म्हणाल्या. मग, "तुला हवं तर गावाला सांग. पण आधी इकडे ये."

मावशी शनिवारच्या एसटीने आल्या. सोमवारी मी दोघींना सदाशिव पेठेत त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. सोनोग्राफी झाली, तुकडाही तपासला. आठ दिवसांनी कळलं, की घाबरण्यासारखं काही नाही. वयाने आतलं अस्तर पातळ झालं होतं, शिवाय एक छोटा साधा कोंब, म्हणजे पॉलिप होता, तो डॉक्टरांनी काढून टाकला. मावशी डॉक्टरांच्या पाया पडायला निघाल्या. सासूबाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं, रस्त्यात पेढे घेतले, आणि मावशींना गाडीत बसवून येईपर्यंत त्या अगदी व्यवस्थित होत्या.

घरी आल्यावर मात्र दोन दिवस खोलीबाहेर फारशा आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तेव्हा कप हातात घेत म्हणाल्या, "तिचं साधं निघालं, बरं झालं. खूप बरं झालं."

"हो ना."

"पण मला रागही येतो गं. तिचा नाही. कुणाचा, ते कळत नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी चहा संपवला आणि कॅलेंडर उतरवून माझ्या हातात दिलं. पुढच्या तपासणीची तारीख मी लिहावी म्हणून. आजवर ती त्या स्वतःच लिहीत आल्या होत्या.